वॉशिंग्टनचे कागद वाचताना : हुकूमवही, पत्रं आणि रोजनिशी

बोरू (शनिवार, रात्री १०:५०)

गेल्या पावसाळ्यापासून रात्रीची जेवणं आटोपली की मी तासभर जॉर्ज वॉशिंग्टनचे कागद वाचत बसतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'फाउंडर्स ऑनलाइन' या संकेतस्थळावर ते कुणालाही फुकट वाचता येतात. तारीख टाकली की त्या दिवशी त्याने लिहिलेलं आणि त्याला आलेलं समोर येतं. मी सुरुवात केली ३ जुलै १७७५ पासून, म्हणजे तो मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला इंग्रजांविरुद्ध उठलेल्या वसाहतींच्या सैन्याचा ताबा घेतो त्या दिवसापासून. एकही दिवस न गाळता पुढे जातोय. याबद्दल कुणाशी तरी बोलायची फार इच्छा आहे, म्हणून हा धागा.

आपल्याला लहानपणी कुऱ्हाड आणि चेरीच्या झाडाची गोष्ट सांगितली जाते. ती त्याच्या मृत्यूनंतर एका चरित्रकाराने रचलेली. कागदांतला माणूस वेगळा आहे आणि मला तरी तो कितीतरी जास्त आवडला.

त्या सैन्यात रोज हुकूम निघायचा. मुख्य छावणीत तो वाचून दाखवला जाई, तुकड्यातुकड्यांचे लोक तो आपापल्या वहीत उतरवून घेत आणि मग शिपायांना ऐकवत. मी तिला हुकूमवही म्हणतो. ४ जुलैच्या हुकमात तो म्हणतो की हे सगळं सैन्य आता संयुक्त प्रांतांचं आहे, वसाहतींमधले भेद बाजूला ठेवा, चढाओढ करायचीच तर या कामी कोण जास्त उपयोगी पडतो याची करा. त्याच हुकमात शिवीगाळ आणि दारू पिऊन झिंगण्यावर बंदी.

पुढे १४ जुलैचा हुकूम. गणवेश नाहीत, अधिकारी कोण आणि शिपाई कोण ते ओळखू येत नाही, पहारेकरी सेनापतींनाच अडवतात. मग काय करायचं? फिती. सरसेनापती कोट आणि आतलं जाकीट यांच्यामधून छातीवर फिकट निळी फीत आडवी घालेल, मेजर जनरल आणि ब्रिगेडियर जनरल गुलाबी, त्यांचे मदतनीस हिरवी. जगातल्या सगळ्यात बलाढ्य साम्राज्याशी लढायला निघालेलं सैन्य, आणि आपला सेनापती ओळखायला त्याच्याजवळ हातभर रेशमी फीत. मी त्या रात्री पुढचं काही वाचू शकलो नाही.

मला या धाग्यात मुख्य सांगायचंय ते असं. या कागदांत एकाच माणसाचे तीन आवाज आहेत. खाली शिपायांशी बोलतो तो हुकमात. वर काँग्रेसशी, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधिसभेशी, बोलतो तो पत्रात. आणि स्वतःशी बोलतो तो रोजनिशीत. हे तीनही शेजारी ठेवून वाचल्याशिवाय तो कळत नाही.

उदाहरण देतो. डिसेंबर १७७७. फिलाडेल्फिया इंग्रजांच्या ताब्यात गेलंय आणि हे सैन्य व्हॅली फोर्जच्या टेकाडांवर हिवाळा काढायला निघालंय. तिथे पाऊल पडायच्या आदल्या दिवशी, १८ डिसेंबरला, झोपड्यांचा हुकूम निघतो. झोपडी चौदा फूट बाय सोळा फूट. भिंती, छप्पर सगळं ओंडक्यांचं, फटी मातीने लिंपलेल्या. भिंतीची उंची साडेसहा फूट. चूल मागच्या बाजूला, लाकडाची, आतून अठरा इंच जाड मातीचा थर. दार ओकच्या फळ्यांचं. बारा शिपायांना एक झोपडी. प्रत्येक पलटणीत जी टोळी सगळ्यात लवकर आणि सफाईने झोपडी उभी करेल तिला बारा डॉलर बक्षीस. फळ्या मिळणं कठीण, म्हणून छपरासाठी त्याहून स्वस्त आणि लवकर होणारी युक्ती सुचवणाऱ्याला शंभर डॉलर. माझं बालपण गिरगावात दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसांत गेलं, त्यामुळे चौदा बाय सोळात बारा पुरुष, त्यांच्या बंदुका आणि धूर हे चित्र मला डोळ्यांसमोर आणावं लागलं नाही, ते आपोआप आलं.

आता पाच दिवस पुढे. २३ डिसेंबर, काँग्रेसचे अध्यक्ष हेन्री लॉरेन्स यांना पत्र. तिथे मोजमाप नाही, धीर देणं नाही. अन्नपुरवठा सुधारला नाही तर सैन्यापुढे तीनच वाटा उरतात: उपाशी मरणं, मोडून जाणं किंवा पोटासाठी पांगणं. आजच्या गणतीप्रमाणे २,८९८ माणसं अनवाणी आणि उघडी असल्यामुळे कामाच्या उपयोगाची नाहीत. पांघरुणं नाहीत म्हणून कित्येक जण रात्रभर शेकोटीपाशी बसून काढतात. पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळाने 'सैन्य हिवाळी छावणीत जातंच कसं' म्हणून तक्रार केली होती. त्यावर त्याने लिहिलंय की उबदार खोलीत आगटीशेजारी बसून निषेधाचे खलिते लिहिणं सोपं, उघड्या गारठलेल्या टेकडीवर कपड्यांवाचून, कांबळ्यांवाचून बर्फात झोपणं अवघड. हे वाक्य मी मोठ्याने वाचलं.

तिसरा आवाज. लढाई सुरू झाल्यावर त्याची रोजनिशी बंद पडलेली. मध्येच १७८० च्या जानेवारी ते जूनमध्ये मॉरिसटाउनला तो पुन्हा लिहितो, पण फक्त हवामान. बर्फ, वारा कुठून, थंडी किती. त्याच जानेवारीच्या ८ तारखेला न्यू जर्सीच्या दंडाधिकाऱ्यांना पत्र आहे की गेले पंधरा दिवस अधिकारी आणि शिपाई सगळेच अन्नावाचून मरायला टेकलेत. पत्रात तो हे लिहितो आणि रोजनिशीत वाऱ्याची दिशा.

कुणी हे कागद वाचलेत का? सोबत वाचायला येणार का?

---

ताम्हण (शनिवार, रात्री ११:३५)

बोरूदादा, धागा वाचनखुणांत ठेवला. माझं इंग्रजी कामापुरतं आहे, अठराव्या शतकातलं झेपेल का? आणि हे सगळं तो स्वतः लिहायचा की कारकून? बायकोला लिहिलेली पत्रं आहेत का, मला ती आधी वाचायची आहेत.

---

बोरू (रविवार, सकाळी ८:१०)

ताम्हणताई, हुकूम नक्की झेपतील, छोटे असतात.

लिहिणारे मदतनीस होते: रॉबर्ट हॅरिसन, टेंच टिलमन, अलेक्झांडर हॅमिल्टन, जॉन लॉरेन्स. जॉन हा वर आलेल्या हेन्री लॉरेन्सचाच मुलगा. वॉशिंग्टन आशय सांगे, ते मसुदा करत, तो दुरुस्त करी, मग स्वच्छ प्रत. जानेवारी १७७६ मध्ये त्याने जोसेफ रीडला लिहिलं की माझा वेळ लिहिण्याच्या मेजावर इतका जातो की बाकीची महत्त्वाची कामं राहतात, मला नुसती हुकूम बजावणारी माणसं नकोत, माझ्यासाठी विचार करू शकणारी हवीत. रीड हा त्याचा आधीचा चिटणीस, तो परत यावा म्हणून ही आळवणी. त्या पत्रात सेनापती अक्षरशः कागदांखाली दबलेला दिसतो.

बायकोच्या पत्रांचं मात्र वाईट वाटतं. तो गेल्यावर मार्थाने त्यांची आपसातली पत्रं जाळली. हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. त्यातलं १८ जून १७७५ चं वाचा, फिलाडेल्फियाहून. सरसेनापतीपद मिळालंय, मी ते टाळायचा शक्य तो प्रयत्न केला, तुझ्यापासून आणि घरापासून दूर जाणं नकोसं वाटतंय, मृत्युपत्र करून सोबत पाठवतोय, असं सगळं जड लिहिलंय. मग ताजा कलम: तुझं १५ तारखेचं पत्र आत्ता मिळालं, सगळ्यात सुंदर म्हणून सांगितलेल्या मलमलीचे दोन जोड घेतलेत, तुला आवडावेत, वार वीस शिलिंग पडला. युद्धावर निघालेला माणूस मृत्युपत्राखाली मलमलीचा भाव लिहितो. जे जाळलं त्यात असं किती असेल.

---

नाडीपरीक्षा (रविवार, दुपारी १:२०)

मी पेशाने डॉक्टर आहे, तेव्हा देवीबद्दल लिहितो. या कागदांत देवीची साथ सुरुवातीपासून आहे.

१७५१ मध्ये तो आजारी सावत्र भावाबरोबर बार्बाडोसला गेला होता. तिथल्या रोजनिशीत १७ नोव्हेंबरला नोंद आहे की देवीने जोराचा हल्ला केला. एकोणीस वर्षांचा होता. त्यातून वाचला, चेहऱ्यावर व्रण राहिले आणि आयुष्यभराची प्रतिकारशक्ती मिळाली.

आता मे १७७६ चे हुकूम वाचा. देवी काढून घेण्यावर कडक बंदी. जो अधिकारी टोचून घेईल त्याला सैन्यातून काढून टाकू आणि देशाचा शत्रू म्हणून त्याचं नाव वर्तमानपत्रांत छापू, इतकी कडक. आणि ६ फेब्रुवारी १७७७ ला मॉरिसटाउनहून डॉक्टर विल्यम शिपन यांना पत्र: देवी पसरते आहे, कुठलीच खबरदारी तिला थांबवणार नाही, तेव्हा मी सैन्याला टोचायचं ठरवलं आहे. रोग नैसर्गिक रीतीने सैन्यात शिरला तर शत्रूच्या तलवारीपेक्षा त्याचंच भय जास्त, असंही त्यात आहे. नऊ महिन्यांत पूर्ण उलट निर्णय!

बंदी का होती हे समजून घ्यायला हवं. तेव्हा जेन्नरची गाईच्या देवीची लस नव्हती, ती १७९६ ची. तेव्हाचं टोचणं म्हणजे खऱ्या देवीच्या फोडातला पू निरोगी माणसाच्या कातडीला चीर देऊन आत घालायचा. आजार यायचाच, पण बहुधा सौम्य. मात्र तो माणूस काही आठवडे दुसऱ्याला देवी देऊ शकायचा. मे १७७६ मध्ये इंग्रज न्यूयॉर्कवर येणार हे दिसत असताना अर्धं सैन्य अंथरुणावर पडलेलं परवडणार नव्हतं. पण कॅनडातल्या मोहिमेत देवीने अमेरिकन सैन्य मोडलं, तिथला सेनापती जॉन थॉमस जून १७७६ मध्ये देवीनेच गेला. पुढच्या हिवाळ्यात लढाया थंडावल्या तेव्हा त्याने संधी साधली. टप्प्याटप्प्याने, वेगळं ठेवून आणि शत्रूला कळू न देता. सार्वजनिक आरोग्याचा एवढा मोठा निर्णय एका सेनापतीने पत्रातून घेतला, याचं एक डॉक्टर म्हणून मला मोल वाटतं. आधीचा हुकूम फिरवायला त्याला संकोच वाटला नाही, हे तर जास्तच.

---

पैलतीर (रविवार, रात्री ९:४५, भारतीय वेळ)

मी व्हर्जिनियात राहते. माउंट व्हर्ननला, वॉशिंग्टनच्या घरी, दोनदा जाऊन आले. दिवाणखान्याबाहेरच्या दालनात लाफाएत या फ्रेंच सेनानीने पाठवलेली पॅरिसच्या बास्तील तुरुंगाची किल्ली टांगलेली आहे. नदीकाठ इतका सुंदर की निघवत नाही. पण तिथे गुलामांची दफनभूमीही आहे, आणि ती पाहिल्यावर घरी येऊन मी जी पत्रं वाचली ती इथे सांगायलाच हवीत. बोरू, तुमचे तीन आवाज मान्य. मला चौथा ऐकू येतो.

१७९१ मध्ये तो राष्ट्राध्यक्ष म्हणून फिलाडेल्फियात राहत होता. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्याप्रमाणे बाहेरून येऊन स्थायिक झालेल्या मालकाचे गुलाम सहा महिने तिथे राहिले की स्वातंत्र्य मागू शकत. म्हणून १२ एप्रिल १७९१ ला तो आपला चिटणीस टोबायस लिअर याला लिहितो की त्यांना मुदतीआधी व्हर्जिनियात परत पाठवायचं, आणि ते अशा निमित्ताने करायचं की त्यांनाही कळू नये आणि लोकांनाही. त्या शब्दांतच लिहिलंय. तेच वळणदार, नीटस लिखाण.

पाच वर्षांनी, मे १७९६ मध्ये, ओना जज नावाची मार्थाची दासी मंडळी जेवत असताना घरातून निघून गेली आणि जहाजाने न्यू हॅम्पशायरमधल्या पोर्ट्समथला पोचली. १ सप्टेंबरचं पत्र वाचा, अर्थमंत्री ऑलिव्हर वोलकॉट यांना. मुलीला नोकरासारखं नाही, लेकरासारखं वाढवलं आणि तिने हे पांग फेडले, असा सूर. तिला परत आणायचे प्रयत्न झाले. ती आली नाही. १८४८ मध्ये मरेपर्यंत कायद्याच्या नजरेत ती गुलामच राहिली आणि पोर्ट्समथजवळच राहिली.

जुलै १७९९ च्या मृत्युपत्रात त्याने आपल्या मालकीच्या १२३ माणसांना मार्थानंतर मुक्त करायचं लिहिलं, हेही खरं. त्यांतल्या विल्यम ली याला, जो सगळ्या युद्धात त्याच्या बरोबर होता, लगेच मुक्ती आणि तनखा. मार्थाने बाकीच्यांना १ जानेवारी १८०१ ला मुक्त केलं. पण माउंट व्हर्ननवर एकूण ३१७ माणसं होती. बाकीची बहुतेक मार्थाच्या पहिल्या सासरच्या इस्टेटीची, ती तिच्या नातवंडांत वाटली गेली. नवरा एका बाजूला, बायको-मुलं दुसऱ्या बाजूला अशी घरं फुटली.

मला हा माणूस आवडतो म्हणूनच हे वाचताना त्रास होतो.

---

बोरू (रविवार, रात्री १०:३०)

पैलतीर, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. मी १७७८ पर्यंतच पोचलोय, पण लिअरला लिहिलेलं पत्र आज शोधून वाचलं. धाग्याच्या सुरुवातीला मी 'तीन आवाज' लिहिलंय ते तसंच ठेवतो, म्हणजे तुमचा प्रतिसाद का आला ते नंतर येणाऱ्यांना कळेल.

---

सह्यकडा (सोमवार, सकाळी ७:४०)

याच ओघात ३१ मे १७७९ च्या सूचना. मेजर जनरल जॉन सुलिव्हनला इरोक्वाय या मूळ अमेरिकी लोकांच्या मुलुखावर पाठवतानाच्या. त्या मुलुखातल्या वस्त्यांचा संपूर्ण नाश करायचा आणि वय न पाहता, बाई-पुरुष न पाहता जितके कैदी पकडता येतील तितके पकडायचे. शेतात उभं पीक नष्ट करायचं आणि पुन्हा पेरू द्यायचं नाही. मुलुख नुसता तुडवायचा नाही, उद्ध्वस्त करायचा. सुलिव्हनने परत येऊन चाळीस गावं जाळल्याचा अहवाल दिला. मक्याची शेतं, फळबागा सगळं. लोक हिवाळ्याच्या तोंडावर नायगाराच्या इंग्रज किल्ल्याकडे निर्वासित होऊन गेले.

सरहद्दीवर वायोमिंग आणि चेरी व्हॅलीला १७७८ मध्ये कत्तली झाल्या होत्या, त्याचं हे उत्तर होतं, हे माहीत आहे. पण १७९० मध्ये इरोक्वायांतल्या सेनेका लोकांचा पुढारी कॉर्नप्लँटर त्याच्यासमोर काय बोलला तेही याच कागदांत जपलेलं आहे: तुमचं सैन्य आमच्या मुलुखात शिरलं तेव्हा आम्ही तुम्हाला गावं उजाड करणारा म्हटलं, आणि आजही ते नाव ऐकलं की आमच्या बायका मागे वळून पाहतात, त्यांचे चेहरे पांढरे पडतात आणि पोरं आयांच्या गळ्याला घट्ट बिलगतात.

हुकूम आणि त्याचं बारा वर्षांच्या आत आलेलं उत्तर एकाच दप्तरात सापडतं. मी दोन्हींच्या प्रती छापून एका पाकिटात ठेवल्या आहेत.

---

जुनंपान (सोमवार, दुपारी ३:१५)

माझी नोकरी एका ग्रंथालयात जुनी दप्तरं सांभाळण्याची, तेव्हा कागदांचं स्वतःचं आयुष्य सांगतो.

एप्रिल १७८१. युद्ध अजून चालू, पुढे काय होणार माहीत नाही, शिपायांना पगार नाही. अशा वेळी वॉशिंग्टन काँग्रेसकडे परवानगी मागतो की माझ्या कागदांच्या नीट प्रती करायला लेखनिक नेमू द्या. रिचर्ड व्हॅरिकला या कामावर नेमलं. त्याने पोकिप्सी गावी लेखनिक बसवून दोन वर्षांहून जास्त काळ काम केलं आणि ४४ मोठे खंड तयार झाले. युद्ध संपताना, १७८३ च्या शेवटी, कागद गाड्यांत भरून पहाऱ्यात माउंट व्हर्ननला गेले. हे कागद एका परीने जनतेची मालमत्ता आहेत आणि माझ्या हाती पवित्र ठेव म्हणून आहेत, असं त्याने लिहिलं आहे. मरणाच्या रात्री त्याने लिअरला जी मोजकी कामं सांगितली त्यात लष्करी पत्रं आणि कागद लावून नोंदवून ठेव, हे होतं.

आणि मग त्यांचं काय झालं? कागद पुतण्या बुशरॉड वॉशिंग्टनकडे गेले. त्याच्याकडून जेरेड स्पार्क्स या संपादकाकडे. स्पार्क्सने १८३४ ते १८३७ मध्ये बारा खंड छापले, मोठं काम. पण भाषा त्याला सेनापतीला शोभेशी वाटेना, तेव्हा त्याने ती बदलली. वॉशिंग्टनने 'ओल्ड पुट' लिहिलं तिथे 'जनरल पुटनम' छापलं. एका रकमेबद्दल त्याने 'ही तर सध्या पिसवाचा चावा' असं लिहिलं होतं, तिथे 'आमच्या सध्याच्या गरजांना अगदीच अपुरी' असं गुळगुळीत वाक्य घातलं. याहून वाईट म्हणजे मागणाऱ्यांना वॉशिंग्टनच्या अक्षराची आठवण म्हणून तो कागद वाटायचा. पहिल्या शपथविधीसाठी केलेल्या, पण न वापरलेल्या लांबलचक भाषणाच्या प्रतीचे तर कात्रीने तुकडे करून वाटले. आजही त्याचे तुकडे इकडेतिकडे निघतात. दप्तर सांभाळणाऱ्याला हे वाचवत नाही.

सरकारने कागद १८३४ आणि १८४९ मध्ये कुटुंबाकडून विकत घेतले. पुढे ते लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये गेले, तिथे सुमारे ७७,००० आहेत. व्हर्जिनिया विद्यापीठात १९६८ पासून सगळ्या कागदांची शब्दशः, चुकांसकट आवृत्ती निघते आहे. बोरू जे वाचतायत ते त्यातलंच. म्हणून सगळ्यांना विनंती, इथे उतारे देताना ते गोड करू नका. पिसू असेल तर पिसूच लिहा.

---

आजोळ (सोमवार, रात्री ८:०५)

फार सुंदर धागा. एक शंका: यॉर्कटाउनला वॉशिंग्टनला शरण आलेला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस आणि टिपूशी लढलेला, आपल्या हरिपंत फडक्यांबरोबरचा कॉर्नवॉलिस एकच का?

---

बोरू (सोमवार, रात्री १०:१५)

आजोळ, तोच. आणि तुमच्यामुळे मी आज तीन वर्षं उडी मारून १७८१ वाचलं.

मे १७८१ मध्ये वॉशिंग्टन पुन्हा रोजनिशी सुरू करतो आणि पहिल्याच पानावर खंत व्यक्त करतो की युद्धाच्या आरंभापासून ती ठेवायला हवी होती. मग कोठारं भरलेली असायला हवी होती, त्याऐवजी राज्याराज्यांत थोडं थोडं विखुरलंय, असा रडका हिशेब. त्याच महिन्याच्या २९ तारखेचं एक मजेशीर पत्र आहे. दंतवैद्याला. दात साफ करायची एक खरवणी पाठवा, कारण मी इतक्यात फिलाडेल्फियाला येईन असं दिसत नाही. ते पत्र इंग्रजांनी वाटेत पकडलं! तो उत्तरेत न्यूयॉर्कपाशीच राहणार या त्यांच्या समजुतीला ते पूरकच ठरलं.

१४ ऑगस्टच्या नोंदीत बातमी येते की काउंट द ग्रासचं फ्रेंच आरमार चेसापीकच्या खाडीकडे निघालंय, आणि न्यूयॉर्कवर हल्ल्याचा विचार सोडून तो दक्षिणेला वळतो. १७ ऑक्टोबरला कॉर्नवॉलिसची चिठ्ठी: चोवीस तास लढाई थांबवावी. वॉशिंग्टनचं उत्तर: आणखी रक्त सांडू नये असं मलाही वाटतं, पण दोन तास देतो, तेवढ्यात अटी लिहून पाठवा. १९ तारखेला शरणागती. कॉर्नवॉलिस आजारी असल्याचं सांगून आला नाही, जनरल ओहाराला पाठवलं. वॉशिंग्टनने त्याला आपल्या दुय्यम सेनापतीकडे, बेंजामिन लिंकनकडे पाठवलं.

पाच वर्षांनी, १७८६ मध्ये, कॉर्नवॉलिस गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्यात. मे १७९१ मध्ये श्रीरंगपट्टणच्या तोंडाशी पोचून त्याचं सैन्य उपासमारीला आलं, वेढ्याच्या जड तोफा निकामी करून त्याला मागे फिरावं लागलं. तेव्हा हरिपंत आणि परशुरामभाऊ पटवर्धनांचं सैन्य मेलकोट्याजवळ येऊन मिळालं, आणि मराठ्यांच्या लष्करी बाजारात धान्य मिळालं म्हणून ते इंग्रज वाचले. व्हॅली फोर्जचं पत्र ताजं असताना मी हे वाचतोय, त्यामुळे त्या बाजारातल्या धान्याच्या गोण्या मला वेगळ्याच दिसल्या. कॉर्नवॉलिस १८०५ मध्ये गाझीपूरला वारला, कबर तिथेच आहे.

---

सह्यकडा (मंगळवार, सकाळी ७:२०)

भाषांतर करायचं मनात आहे म्हणून विचारतो. प्रत्येक हुकमाच्या माथ्यावर 'पॅरोल' आणि 'काउंटरसाइन' असे दोन शब्द असतात. पहिल्या दिवशीचे 'लुकआउट' आणि 'शार्प'. मराठीत दोन्हींना परवलीचा शब्दच म्हणायचं का?

---

जुनंपान (मंगळवार, सकाळी ११:००)

दोघांत फरक आहे. पॅरोल अधिकाऱ्यांपुरता, पहारे तपासायला फिरणाऱ्यांचा. काउंटरसाइन पहाऱ्यावरच्या शिपायापर्यंत जायचा. मी पहिल्याला 'परवल' आणि दुसऱ्याला 'पहाऱ्याचा शब्द' म्हणेन. संस्कृत जोडशब्द करून 'प्रतिसंकेत' वगैरे नको, रात्री थंडीत उभ्या शिपायाच्या तोंडी तो बसत नाही.

आणि भाषांतरात जपूनच. तो बावीस वर्षांचा असताना, ३ जुलै १७५४ ला, फोर्ट नेसेसिटी या किल्ल्यावर फ्रेंचांना शरण जाताना पावसात भिजलेल्या फ्रेंच कागदावर त्याने सही केली. फ्रेंच अधिकारी जूमोनव्हिलची 'हत्या' झाल्याची कबुली त्यात होती. त्याला फ्रेंच येत नव्हतं, आणि दुभाषाने तो शब्द साधा 'मृत्यू' म्हणून सांगितला, असं त्याचं पुढे म्हणणं होतं. त्याच मोहिमेतली त्याची रोजनिशी फ्रेंचांच्या हाती लागली आणि १७५६ मध्ये त्यांनी ती पॅरिसला छापली.

---

बोरू (मंगळवार, रात्री ९:५०)

'परवल' आणि 'पहाऱ्याचा शब्द' पक्कं. मी झोपड्यांचा हुकूम पूर्ण करतो. सह्यकडा, तुम्ही सुलिव्हनच्या सूचना आणि कॉर्नप्लँटरचं बोलणं करा, दोन्ही एकत्रच टाकू. नाडीपरीक्षा, शिपनचं पत्र तुमच्याकडे. पैलतीर, लिअरचं पत्र तुम्हीच करावं असं मला वाटतं.

---

ताम्हण (बुधवार, रात्री ९:३०)

मी सांगते मी काय केलं. मोठी पत्रं बाजूला ठेवली आणि सगळ्यात जुनी रोजनिशी उघडली, मार्च १७४८ ची. तो सोळा वर्षांचा, जमीन मोजणाऱ्यांबरोबर डोंगरापलीकडे निघालेला. माझा मुलगा तेरा वर्षांचा, त्याला रोज एक नोंद मराठीत सांगायची ठरवली.

काल १५ मार्च. रात्री एका घरी मुक्काम. बाकीचे मुरलेले रानगडी कपड्यांनिशी आडवे होतात, हा मात्र घरच्यासारखा कपडे काढून नीट बिछान्यात शिरतो. बघतो तर बिछाना म्हणजे थोडं चिकटून बसलेलं गवत, चादर नाही, एकच झिरझिरीत घोंगडी, आणि घोंगडीच्या दुप्पट वजनाच्या उवा, पिसवा. उठून कपडे चढवून बाकीच्यांसारखा पडला. पुन्हा असं झोपणार नाही, त्यापेक्षा उघड्यावर शेकोटीपुढे झोपेन, असं स्वतःला वचन दिलं. जुनंपान, मी पिसू पिसूच ठेवली.

मुलाने विचारलं, मग दुसऱ्या दिवशी काय झालं? आज १६ मार्च वाचली. लवकर निघाले, दुपारी एकपर्यंत मोजणी संपवली, फ्रेडरिक टाउनला पोचले, सामान आलं, अंग स्वच्छ केलं. आदल्या रात्री पकडलेली 'शिकार' काढून टाकायला, असं त्याने लिहिलंय. मग चांगलं जेवण, आणि पिसांची गादी, वर धुतलेल्या चादरी. मुलगा हसत सुटला आणि १७ मार्च आत्ताच वाच म्हणून मागे लागला आहे.